दोन चमचे पाणी

सोमवार, ४ मार्च, दुपार

दादा,

नमस्कार-चमत्कार सोडून देते. सात वर्षं तोंड फिरवून बसलेली बहीण एकदम 'तीर्थरूप' लिहायला लागली तर तुलाच हसू येईल. असलास तर.

ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे अवघडायला नको. वहिनीचा मेसेज आला, परवा शनिवारी. "ह्यांची तब्येत जरा नाजूक आहे. घाबरू नकोस. जमलं तर येऊन जा." बस, एवढाच. नंतर तिचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

आपल्या घरात असं कधी कळवतात ते मला ठाऊक आहे. तूच तर शिकवलंस. तारखात्यात नवा लागलास तेव्हा जेवायला बसलं की सांगायचास, "वर्षभर तारा वाटतोय, पण 'वारले' म्हणून एकही तार नेली नाही. सगळ्या 'सिरीयस'च्याच. लोक दार उघडतात, माझा चेहरा बघतात आणि कागद न वाचताच खाली बसतात." आई म्हणायची, "जेवताना नको रे बाबा असलं." आणि तुला आणखी अर्धी पोळी वाढायची.

तेव्हा तू आजारी आहेस किंवा नाहीस. मला माहीत नाही. फोन केला की कळेल, म्हणून पत्र लिहितेय. इथून पत्राला दहा दिवस लागतात. आयुष्यभर लोकांची टपालं लावलीस, तुला हिशोब सांगायला नको. नसशील तर वहिनी वाचेल. वाच गं वहिनी.

माझं ठीक आहे. सध्या घरीच असते, रजेवर. तू म्हणशील, मग ये की, घरी बसून काय करतेस? येता येत नाही. कामावर एक लचांड होऊन बसलंय आणि पंधरा तारखेपर्यंत गाव सोडायचं नाही असं सांगितलंय. ते लचांड काय हे आज लिहीत नाही. भांडी पडली आहेत.

तुझी
छोटी


गुरुवार, ७ मार्च

दादा,

भांडी पडलेली नव्हती. माझ्या एकटीची भांडी ती किती असणार.

मी काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू पाहुण्यांना सांगायचास, "फोनवर बसते." तसं खरंच आहे. एक लांबडी खोली, तिच्यात चौदा टेबलं, प्रत्येकाच्या मध्ये करड्या फोमची भिंत. कानाला हेडफोन. इथली भाषा न येणारा माणूस कुठे अडकला, पोलीस चौकीत, दवाखान्यात, शाळेत, की ते आम्हाला जोडतात. इकडचं तिकडे करायचं, तिकडचं इकडे. आपल्या भाषेची सकाळच्या पाळीला मी एकटीच.

नियम दोन. एक, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. दोन, जो बोलेल त्याचं 'मी' तेच आपलं 'मी'. बाई म्हणाली "माझ्या पोटात कळ येतेय", तर मीही तिकडे म्हणायचं, माझ्या पोटात कळ येतेय. 'ती म्हणते की' असलं काही नाही. अकरा वर्षांत मला प्रत्येक आजार होऊन गेलाय दादा. तीनदा बाळंत झाले, लग्न न करता. अगदीच स्वतःचं काही बोलायची वेळ आली, आवाज तुटतोय वगैरे, तर आधी म्हणायचं, "दुभाषी बोलतेय." मगच बोलायचं.

गेल्या शुक्रवारी, एक तारखेला, सकाळी सव्वाआठला इमर्जन्सीचा कॉल आला. हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत एक गृहस्थ कोसळले होते. आपल्याकडचे, सहलीला आलेले, सत्तरीच्या आसपास. बाकीचं टोळकं बसने पुढे गेलेलं, ह्यांचे गुडघे दुखत होते म्हणून नवराबायको मागे राहिले होते. नाश्ता वाढणाऱ्या मुलीने नंबर फिरवला. सहलवाल्यांनी सगळ्यांच्या गळ्यात कार्ड घातलं होतं, त्याच्यावर कोणती भाषा बोलतात ते लिहिलेलं. ती मुलगी ते कार्ड वाचत होती आणि मागून आवाज येत होता, "अहो! अहो, उठा ना! अहो!"

मग मी जोडले गेले. त्या बाईंना एकदम आपली भाषा ऐकू आली. म्हणाल्या, "कोण गं बाई तू? कुठेयस? लवकर ये!"

मी लांब होते, चाळीस मैलांवर. पण तसं सांगायचं नसतं. तिकडचा माणूस जे सांगेल तेच सांगायचं. तो शांत आवाजाचा होता. तो म्हणाला, मी म्हणाले: त्यांना पाठीवर निजवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा. त्याच्यावर दुसरा. कोपर वाकवू नका. जोरात दाबा, सोडा, दाबा. माझ्याबरोबर मोजा.

"त्यांना लागेल हो," बाई म्हणाल्या.

"त्यांना लागेल याची मला भीती वाटतेय," असं मी तिकडे म्हणणार होते, पण भीती हे पदरचं झालं असतं. 'त्यांना लागेल' असंच म्हणाले. तो म्हणाला, लागू दे. मी म्हणाले, लागू दे.

त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. तीसपर्यंत गेल्या की परत एकपासून. मध्येच चुकल्या, सतरानंतर एकोणीस म्हणाल्या आणि "अगंबाई, अठरा राहिले" म्हणून घाबरल्या. मी म्हणाले, चालेल, दाबत राहा. हे तिकडच्याने सांगितलेलं नव्हतं. पदरचं घातलं. अकरा मिनिटांनी गाडी पोचली, कुणीतरी फोन ठेवला.

पुढचा कॉल दाढदुखीचा होता. माझी दाढ दुखतेय, म्हणाले मी, खालची, डावीकडची.

छोटी


सोमवार, ११ मार्च

दादा,

तू म्हणशील, ह्यात लचांड कुठे आहे. कौतुकच करायला पाहिजे. सगळे करत होतेच. आमच्या मुख्य बाईंनी चहा पाठवला टेबलावर.

अकरा वाजता परत कॉल आला, इस्पितळातून. डॉक्टर बाईमाणूस होती, आवाजावरून तरुण. आणि माझ्या तोंडून आपल्या भाषेतलं पहिलं वाक्य निघालं तशा त्या बाई म्हणाल्या, "अय्या, सकाळच्याच ना तुम्ही? ओळखला आवाज. बरं झालं बाई. मी नीट दाबलं ना हो? तुम्ही सांगितलंत तसंच दाबलं ना?"

मी तिकडे सांगितलं, मी नीट दाबलं ना?

डॉक्टर म्हणाली, "तुम्ही फार छान केलंत. पण मला वाईट वाटतं सांगायला, तुमचे पती वारले. आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केले."

साधी वाक्यं होती. असली वाक्यं मी खूपदा सांगितली आहेत. आमच्यात त्याचं शिक्षण असतं, गोल गोल बोलायचं नाही, 'गेले' म्हणायचं नाही, 'सोडून गेले' नाही, 'देवाघरी' तर नाहीच. 'वारले' म्हणायचं आणि थांबायचं.

मी म्हणाले, "तुम्ही फार छान केलंत. त्यांची तब्येत जरा नाजूक आहे."

बाई म्हणाल्या, "हो ना, ते दिसतंच आहे. मग मी काय आणू? चष्मा हॉटेलवरच राहिलाय. बीपीच्या गोळ्या आहेत. आणि अंगातला शर्ट त्यांनी कापला हो, दुसरा आणते. जाऊ का?"

आणि मी डॉक्टरला सांगितलं, "मला जरा एकटं राहायचं आहे. मी हॉटेलवर जाऊन येते."

डॉक्टर म्हणाली, हवा तेवढा वेळ घ्या.

मी म्हणाले, "जा. सावकाश या."

दोन्हीकडे खोटं बोलले. घालायचं नाही ते घातलं, गाळायचं नाही ते गाळलं. सगळं रेकॉर्ड होत असतं तिथे, आमचा श्वाससुद्धा.

आता तुला कळलं असेल मी हे तुलाच का लिहितेय.

सात वर्षांपूर्वी तू फोन केलास, "आईचं जरा सिरीयस आहे, निघ." मी निघाले. अठरा तासांचा प्रवास. मधल्या विमानतळावरून मी फोन केला, आठवतं? विचारलं, काही घेतेय का पोटात? तू म्हणालास, "हो, आत्ताच दोन चमचे पाणी घेतलं." दादा, त्या दोन चमच्यांवर मी उरलेले नऊ तास काढले. पाणी जातंय म्हणजे पेजही जाईल, असं धरून चालले. विमानतळावरच्या दुकानातून पुढून बटणांचा गाऊन घेतला, निजल्या निजल्या घालता यावा म्हणून.

घरी आले तर कॉट घडी करून भिंतीला लावलेली. गादी गच्चीवर वाळत. वहिनीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

तू म्हणालास, "मला वाटलं तुला कळलं असेल. सिरीयस म्हटल्यावर कळतंच." मी म्हणाले, "मग दोन चमचे कशाला सांगितलेस?" तू गप्प बसलास. तो गप्पपणा मी सात वर्षं धरून ठेवला. खोटारडा म्हणाले तुला, शेजारपाजाऱ्यांच्या देखत.

त्या बाई दीड वाजता परत आल्या, तक्रारीत लिहिलंय सगळं. त्या वेळी कुणी मला जोडलं नाही, कारण इस्पितळाच्या लेखी त्यांना सांगून झालं होतं. नर्सने हात धरून त्यांना खालच्या खोलीत नेलं. त्यांच्या हातात शर्ट होता.

यापुढे लिहवत नाही. मला रडू वगैरे येत नाही, तसं समजू नकोस. काहीच येत नाही.

छोटी


शुक्रवार, १५ मार्च, सकाळ

दादा,

दहा वाजता बोलावलंय. अजून पाऊण तास आहे, बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

एक दुरुस्ती. वहिनीचा मेसेज शनिवारी आला असं लिहिलं होतं. शनिवारी नाही. शुक्रवारी, त्याच दिवशी, सकाळी सात वाजता आला. मी बसस्टॉपवर होते. वाचला, फोन पर्समध्ये टाकला, बस आली, चढले. आमच्याकडे असं काही असलं तर पाळीवर बसायचं नसतं, मुख्य बाईंना सांगून घरी जायचं असतं. मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तुझं नाव 'वारले' या शब्दाशेजारी ठेवायचं. हेडफोन घातला आणि बसले. 'नाजूक' हा शब्द त्या बाईंसाठी मी शोधला नव्हता. सकाळपासून तोच डोक्यात होता.

हे आत सांगणार नाही. सबब वाटेल.

बोलावलं.


शुक्रवार, १५ मार्च, दुपार

झालं.

मुख्य बाई होत्या, वरचे एक साहेब होते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या बाई. त्या कधीच घरी परतल्या आहेत, त्यांचा मुलगा शेजारी बसलेला. तक्रार त्याची. दुसऱ्या गावचा एक दुभाषा लावला होता, बिचारा माझ्याकडे बघत नव्हता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं उंच असतील. लहानखुऱ्या आहेत, चष्म्याची दोरी गळ्यात.

मुलाने आपली तक्रार वाचून दाखवली: आईने मला अकरानंतर फोन केला आणि म्हणाली काळजी करू नकोस, बाबांची तब्येत जरा नाजूक आहे, मी शर्ट न्यायला आलेय. मग दोनला तिचा परत फोन आला आणि ती काहीच बोलेना. नुसती फोन धरून उभी. तिकडे कुणाला तिची भाषा येत नव्हती आणि मला ती कुठे उभी आहे तेही कळेना. असं सगळं, मुद्देसूद. खोटं एक अक्षर नव्हतं.

साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचंय? बाई म्हणाल्या, "मला विचारायचंय. त्या सकाळच्या बाईंना. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

दुसऱ्या दुभाष्याने ते साहेबांना सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दुभाषी बोलतेय." सवय, दुसरं काय. मग म्हणाले, "हो. माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी शर्टाला इस्त्री करत बसले हो," त्या म्हणाल्या. "हॉटेलवाल्यांकडे खाणाखुणा करून इस्त्री मागितली. त्यांना कडक कॉलर लागते. गार झाला तरी चालेल, पण चुरगळायला नको म्हणून घडी न घालता हातावर घेऊन गेले."

दुभाष्याने तेही तिकडे सांगितलं. 'मी शर्टाला इस्त्री करत बसले,' तो म्हणाला, नियमाप्रमाणे.

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्यांच्याजवळ बसले असते," बाई म्हणाल्या. "अजून ऊब असेल तेव्हा."

मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही, नाकारलीही नाही. मुलाने तिकडून पडदा बंद केला.

परवाना एका वर्षासाठी काढून घेतला. मुख्य बाई म्हणाल्या, तुला काही सांगायचं होतं का, त्या दिवशी काही झालं होतं का? मी म्हणाले नाही.

बाहेर आले आणि त्याच बाकावर बसले. 'अजून ऊब असेल तेव्हा.' दादा, मी पंधरा दिवस घालवले. तू गेला असशील तर कधीच गार झालास. आणि नसशील गेला तर मी काय करत बसलेय इथे? कॉलरच कडक करत बसलेय की.

फोन काढला आणि लावला.


शनिवार, १६ मार्च

दादा,

वहिनीने तिसऱ्या रिंगला उचलला. मी तिला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. म्हणाले, "वहिनी, सरळ सांग. दादा आहे का?"

"आहे म्हणजे? कुठे जाणार?" ती म्हणाली. "कॉटवर आहेत. अर्धांगाचा झटका आला, मेसेज केला त्याच्या आदल्या रात्री. उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही. अगं तू आहेस कुठे? चार फोन केले!"

"तू 'नाजूक' लिहिलंस."

"नाजूकच आहे तर काय लिहू? ठणठणीत?"

मग ती एकदम चिडली. "तुझं पत्र आलं काल. मेलेल्या माणसाला पत्र लिहितेस होय गं? मी वाचून दाखवलं ह्यांना. 'असलास तर' म्हणे! ह्यांचं एकाच बाजूचं तोंड हलतं, हसले की रडले काही कळलं नाही मला. पण 'तारखात्यात' आलं तेव्हा डाव्या हाताने कागद मागितला. उशाखाली ठेवलाय."

मी विचारलं, "काही घेतोय का पोटात?"

वहिनी म्हणाली, "आत्ताच दोन चमचे पाणी घेतलं."

दादा, मला तिचा राग आला नाही. पण विश्वासही बसला नाही. खरं सांगते, एवढं सगळं ऐकूनसुद्धा बसला नाही. हसू-रडू, डावा हात, उशी, हे सगळं कुणालाही रचता येतं. मी नव्हतं का रचलं, 'मला जरा एकटं राहायचं आहे' म्हणून?

म्हणाले, "वहिनी, ऐकव."

"काय ऐकवू?"

"पाणी. आणखी दोन चमचे दे आणि फोन तिथे धर."

ती "हे काय आता" असं काहीतरी पुटपुटली, पण धरला. आधी वाटीवर चमचा वाजला. मग ती म्हणाली, "अहो, आ करा. छोटीला ऐकायचंय." मग बराच वेळ काही नाही. मग तू घोट घेतलास. मोठ्ठा आवाज झाला, घशात दगड उतरावा तसा. आणि ठसका लागला. तुझा ठसका मी कुठेही ओळखीन, लहानपणी चहात बुडवलेलं बिस्किट घशात अडकायचं तसाच.

"एक," वहिनी म्हणाली. परत चमचा वाजला. परत घोट. "दोन. झालं समाधान?"

मी बाकावर बसून होते. माणसं येत-जात होती. मग मला रडू आलं, पंधरा दिवसांनी, आणि शिपायाने येऊन विचारलं काही मदत हवी का. इथल्या भाषेत मला एकही शब्द सुचेना. माझं सगळं आयुष्य त्या भाषेवर चाललंय, आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने पाणी आणून दिलं.

उद्या निघतेय. हे पत्र टपालात टाकत नाही, बरोबर आणतेय. मधली तीन पोचतील तेव्हा पोचतील, तू टपालवाला, तुला उशीर झाल्याचं वाईट वाटणार नाही. आईसाठी घेतलेला तो गाऊन माझ्याच कपाटात होता, बॅगेत टाकलाय. बायकांचा आहे, पण पुढून बटणं आहेत आणि तुला आता नखरे करता येणार नाहीत.

मी पोचेपर्यंत काही झालं तर सरळ सांगायचं, गोल गोल नाही, असं वहिनीला बजावलंय. ती म्हणाली, "बरं बाई." पण ती आपल्याच घरातली, तिचा काय भरवसा. प्रवास अठरा तासांचाच आहे. जिथे जिथे उतरेन तिथून फोन करीन आणि तब्येत कशी आहे ते विचारणारच नाही. चमचा ऐकव म्हणेन.

छोटी